सिडनीचं रान आणि दाराशी भरलेली पिशवी

मैत्रिणींनो, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी डिसेंबरात सिडनीला यायचा बेत असेल, तर लक्षात ठेवा, इकडे तेव्हा ऐन उन्हाळा! आल्यावर मुलं तुम्हांला शहराच्या दक्षिणेचं रॉयल राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेतीलच. १८७९ साली राखलेलं हे रान. अमेरिकेतल्या यलोस्टोननंतरचं जगातलं दुसरं राष्ट्रीय उद्यान म्हणतात.

उद्यान म्हटलं म्हणून कारंजी नि फुलांचे ताटवे डोळ्यांपुढे आणू नका. खडकाळ, रेताड जमीन, करड्या पानांची निलगिरी, बँक्सियाची खरबरीत बोंडं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, “अगं, हे वाळलंय की काय सगळं?”

वाळलेलं नसतं ते. पण पेटायला मात्र टपलेलं असतं. निलगिरीच्या पानांत तेल, खाली साली नि पाचोळ्याचा थर. जानेवारी १९९४मध्ये या उद्यानाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जळाला होता. गंमत अशी, की बँक्सियाची कित्येक बोंडं आगीची धग लागल्यावरच उघडतात. बी राखेत पडतं, पावसावर रुजतं. निलगिरीच्या काळ्याठिक्कर खोडालाही पालवी फुटते.

रान सावरतं हो, घराचं तसं नाही. उद्यानाच्या कडेला बंडीना नावाचं गाव आहे. तिथून मोटारीने निघायचं तर रस्ता रानातूनच. नाहीतर क्रोनुल्लाला जाणारी फेरीबोट. म्हणून रानालगत राहणाऱ्या आम्ही बायका उन्हाळ्याआधी पन्हळीतला पाचोळा काढतो (म्हणजे घरच्या पुरुषांना काढायला लावतो!) आणि एक पिशवी भरून दाराशी ठेवतो. पासपोर्ट, औषधं, पाणी, विजेरी, लोकरीचं पांघरूण. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनची साडी अजिबात नको, धगीने वितळून अंगाला चिकटते. पायांत चपला नकोत, बूट हवेत. सासूबाईंनी त्या पिशवीत देव्हाऱ्यातला बाळकृष्णही ठेवला. मी काही बोलले नाही. तेवढी जागा होतीच.

निघायचं तर लवकर. धूर दिसला की बघू, असं म्हणेपर्यंत रस्ता बंद झालेला असतो. धोका फार असला की उद्यानही बंद ठेवतात, तेव्हा डबे भरण्याआधी चौकशी करा. आणि आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी परसात कोळशाची शेगडी पेटवायची नाही. भरताचं वांगं घरात गॅसवरच भाजा.