श्वासानंही विटणारी चित्रं

मैत्रिणींनो, फ्रान्समधली शोव्हे गुहा पाहू म्हणाल, तर दार बंद! १९९४ साली सापडलेल्या या गुहेत तीस हजार वर्षांपूर्वीचे घोडे, सिंह, गेंडे भिंतींवर रेखलेले आहेत. पण गर्दीच्या श्वासानंही अशी चित्रं बिघडतात. तिथलीच लास्को गुहा त्यापायी १९६३ साली बंद करावी लागली. तेव्हा वेर्नर हेर्झोग यांचा २०१० सालचा ‘केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स’ हा माहितीपटच पाहा. त्यात तांबड्या तळव्यांचे ठसे दिसतात. उमटवणाऱ्याची करंगळी चक्क वाकडी! घरच्या भिंतीवरचे मुलांचे हात आठवतील बघा.

आपल्याकडे भोपाळजवळच्या भीमबेटक्याला अशी चित्रं प्रत्यक्ष पाहता येतात. जाल तेव्हा मुलांना आधीच बजावा: डोळे भरून पाहा, हात मात्र लावू नका.