न दुखणारी गाठ

संवत्सरीच्या सकाळी पूजेपूर्वी स्नान करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. सायंकाळी क्षमापनेच्या निमित्ताने साऱ्या आप्तांशी बोलले. हे मात्र कोणाला सांगितले नाही. पुढे दिवाळी आली, वहीपूजन झाले, अलिबागच्या आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हिशेबात चार आण्यांची तूट निघाली तर रात्र जागवणारे आमचे घर. त्याच घरात मी अडीच महिने स्वतःच्या देहाची नोंद टाळली. ‘सुई टोचली की दुखणे पसरते’ हे शेजारणीचे जुने बोलही मनात रुतून बसले होते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर यजमानांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी मांडव्याहून लाँचने आम्ही मुंबई गाठली.

डॉक्टरबाईंनी आधी विचारपूस केली: गाठ केव्हा जाणवली, पाळीच्या आगेमागे तीत फरक पडतो का, स्तनाग्रातून स्राव येतो का, माहेरी कोणाला हा आजार होता का. मग दोन्ही स्तन आणि काखा तपासल्या. मॅमोग्राफीत दोन पाट्यांमध्ये स्तन दाबला जातो. तेवढे क्षणभर सोसावे लागते. नंतर सोनोग्राफी, आणि शेवटी जागा बधिर करून सुईने घेतलेला लहानसा तुकडा. सुईची भीती बोलून दाखवताच बाई म्हणाल्या, “तिने रोग पसरत नाही. आणि दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही.” बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते तपासणीवाचून सांगता येत नाही.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला, हे मला पुढे वाचनात आले. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. शंका आली तर पुढील तपासणीस पाठवले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते.

आठवड्याने अहवाल आला. गाठ साधी होती. सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या माळ जपत होत्या. बऱ्याच वेळाने पदर सारखा करीत हळूच म्हणाल्या, “माझ्या उजवीकडे दोन वर्षांपासून आहे, सूनबाई. दुखत नाही.”

त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मंगळवारच्या लाँचची तीन तिकिटे काढली आहेत.