घराला पायऱ्या किती?

सेरेब्रल पाल्सी हे शब्द साठी उलटल्यावर पहिल्यांदा माझ्या कानावर पडले. नातू वर्षाचा होत आला तरी आधाराशिवाय बसत नव्हता. उचललं की त्याचे पाय ताठ व्हायचे आणि एकमेकांवर चढायचे. "मुलगे उशिराच बसतात गं," हे हैदराबादच्या काचीगुड्यापासून थेट कोल्हापूरच्या माहेरापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं होतं. डॉक्टरांनी मात्र तपासून सरळ सांगितलं की मेंदूची वाढ होत असतानाच, जन्माआधी किंवा जन्माच्या आसपास, त्याला इजा झाली आहे. ती आता वाढणार नाही, पण भरूनही येणार नाही. स्नायूंना ताब्यात ठेवणारे मेंदूचे निरोप नीट पोचत नाहीत, म्हणून ते ताठरतात. औषध कोणतं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "व्यायाम. रोज. आणि घरातल्या सगळ्यांनी शिकायचा."

मुलगा-सून नोकरीवर जातात. त्यामुळे बाळाला घेऊन बरकतपुऱ्यातल्या चमनजवळच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या केंद्रात जायचं काम माझ्याकडे आलं.

आत शिरले आणि भांबावून गेले. कुठे फोमच्या जाड उतरत्या पाचरी, कुठे बाळाहून मोठे रबरी चेंडू, कुठे मुलाला पट्ट्यांनी बांधून उभं करायच्या लाकडी चौकटी. भिंतीशी प्लॅस्टिकचे इवलेसे पाय रांगेनं ठेवलेले. ते पावलांना घालायचे स्प्लिंट होते, हे नंतर कळलं. तेलुगू, उर्दू, हिंदी एकाच वेळी कानावर येत होतं. कुणी युडीआयडी कार्डाचं विचारत होतं, कुणी निरामय विम्याचं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं बाळाकडे पाहायच्या आधी मला विचारलं, "अम्मा, घर को सीढ़ियाँ कितने?"

अकरा. मग आंघोळ कोण घालतं, जेवताना बाळ कुठे बसतं, खिडकीतून त्याला रस्ता दिसतो का. ती सगळं वहीत लिहून घेत होती आणि मी मनात म्हणत होते, अगं, पाय बघ ना त्याचे!

पहिला धडा उचलण्याचा होता. ताठरलेल्या बाळाला काखेत धरून सरळ वर उचलायचं नाही. आधी हळूच कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी आणायचे, अंग सैल पडू द्यायचं आणि तसंच दुमडलेलं छातीशी घ्यायचं. तिनं करून दाखवलं तेव्हा तो ताठर देह तिच्या हातांत विरघळल्यासारखा मऊ झाला. माझ्या हातांना ते साधायला बराच काळ लागला.

दुसरा धडा भरवण्याचा. आपल्याकडे बाळाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवायची पद्धत. अशा मुलांना त्यात धोका असतो, कारण मान मागे गेली की घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. म्हणून पाठ सरळ, हनुवटी किंचित छातीकडे. चमचा उथळ हवा आणि तो समोरून, तोंडाच्या खालच्या बाजूनं आणायचा. जिभेवर हलकेच टेकवायचा आणि थांबायचं. ओठ त्यानं स्वतः मिटले पाहिजेत. वरच्या हिरडीवर घास पुसून चमचा ओढून काढायचा नाही. वाटीभर मऊ भाताला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास हाच उपचार आहे, हे तिथं मला समजलं.

हैदराबादेत या क्षेत्रातली मोठी संस्था आहे. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात 1984 साली केंद्र सरकारनं बौद्धिक अपंगत्वासाठी राष्ट्रीय संस्था उभी केली, देशभरातून लोक तिथं येतात. पण रोजच्या रोज शहर ओलांडून कोण जाणार? प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं समुदायाधारित पुनर्वसनाचा विचार पुढे आणला, तो यासाठीच. साधी कौशल्यं घरात आणि गल्लीत पोचवायची, आईला, आजीला, शेजाऱ्याला शिकवायची.

पायऱ्यांचा प्रश्न मला उलगडला तो मात्र कोल्हापूरहून भावानं पाठवलेल्या पुस्तकामुळे. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची'. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तेव्हा या मुलीलाही सगळं संपलं असंच वाटलं होतं. बाबूकाका दिवाण हे स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे गृहस्थ भेटले आणि तिची दृष्टी बदलली. पुढे शिक्षण, नोकरी आणि 1984 मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'. उचगावला 'घरौंदा' वसतिगृह आणि शाळा, सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम. नसीमादीदींनी मुलांना निवारा दिला, शिक्षण दिलं आणि हाताला कामही दिलं. संस्था काढणारी स्वतः खुर्चीवर असली की उंबरठा आणि संडासाचं दार या गोष्टींचा विचार आधी होतो. माझं माहेर त्याच शहरातलं, तरी दीदींचं काम मला बरकतपुऱ्यात बसून कळलं, याचं वाईट वाटतं.

आता आमच्या घरात कोपऱ्याची छोटी खुर्ची आहे. तिच्यात पाठ टेकून बाळ खिडकीतून रिक्षा बघतं. चालेल की नाही, कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. अकरा पायऱ्या अजून आहेतच. खाली उतार करून घ्यावा म्हणून इमारतीतल्या लोकांशी बोलणं चालू आहे.

वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी चार महिन्यांचं बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसत नसेल, तर 'होईल उशिरा' म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. निदान झालंच तर अपंगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, लवकर काढा. सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझमसारख्या अवस्थांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना एक लाखापर्यंत आरोग्यविमा देते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो, तिचा अर्ज भरा. आणि तुमच्या इमारतीला उतार नसेल, तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तो विषय तुम्हीच काढा.