खोटं दाबलेलं बटण

आमच्या इचलकरंजीत शांतता फार कमी. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे यंत्रमाग आणला, आणि पुढे गल्लोगल्ली खटाक् खटाक् सुरू झालं. पण माझ्या डाव्या कानाला हा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटायचा.

लहानपणापासून कान वाहायचा. पडद्याला भोक होतं. 1994 च्या उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन झालं. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून डॉक्टरांनी पडद्याला ठिगळ लावलं. "कानात पाणी जाऊ द्यायचं नाही," असं बजावलं होतं. मी महिन्यातच गुपचूप पंचगंगेत उडी मारली! कान पुन्हा वाहू लागला. ठिगळ टिकलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड! पडद्याची थरथर ही हाडं आतल्या कानाला पोचवतात. माझी ऐरण झिजली होती. "साखळी जोडू. पण कान कोरडा करणं हे पहिलं काम. दुसऱ्या खेपेला ऐकू किती येईल, ते आधी सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. बंद खोली, कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे आई बसली होती. माझ्यासाठी तिनं पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. मी आवाज येवो न येवो, बटण दाबत सुटलो.

डॉक्टर आत आले. "बाळ, आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता."

मला रडूच फुटलं. नदीची गोष्टही सांगून टाकली. आई म्हणाली, "आरं, तू खरं सांगितलंस तरच डॉक्टरांना कळंल न्हवं? पाटल्यांचं मी बघतो काय ते... मी बघते!" रडता रडता तीही गोंधळली होती.

पुन्हा तपासणी झाली. आधी 50 डेसिबलच्या खालचं ऐकू येत नसे, आता 35 पर्यंतचं येत होतं. चांगल्या कानाला 20 चंही येतं. म्हणजे कान कोरडा झाला, ऐकणं थोडंच सुधारलं. बाईंनी मला डाव्या भिंतीकडच्या पहिल्या बाकावर बसवलं, उजवा कान वर्गाकडे. ऐकू आलं नाही, की "बाई, परत सांगा" म्हणायला मी शिकलो.

एका रात्री वीज गेली, माग थांबले. उजवा कान उशीवर ठेवून मी पडलो होतो. दारातून आईनं विचारलं, "झोपलास काय रं?"

ऐकू आलं. या वेळी अगदी खरं!