ऊन पडल्यावरचा डोंगर

नाशिकजवळच्या पेठ तालुक्यात वाढलेल्या माणसाला कोणी डोंगर शिकवायला लागलं की हसू येतं. मलाही यायचं. सावळ घाट, कोटंबी घाट ओलांडल्याशिवाय आम्हाला नाशिक दिसत नाही. पावसाळ्यात रस्त्यावर आलेले दगड लोटून गाडी पुढे काढायची, यात कोणाला विशेष वाटत नाही. त्यामुळे हिमालयात जाताना माझं मत पक्कं होतं : हिमस्खलन म्हणजे बर्फाची दरड. ज्याच्या नशिबी असेल त्याच्यावर येते. आभाळ फाटलं की तंबूत बसावं, उघडलं की निघावं. लख्ख उन्हात माघारी फिरवणारा गाईड मला पैसे घेऊन अंग राखणारा वाटायचा.

आज मी त्या गाईडच्या बाजूचा आहे.

मत पालटलं ते फेब्रुवारीत, मनालीच्या वर. आदल्या दिवशी बर्फ पडून गेलेला, आभाळ निळंभोर. आमच्या प्रशिक्षकाने उतारावर छातीएवढा खड्डा खणला, त्याची एक भिंत सरळ तासली आणि रंगाच्या ब्रशने झाडली. पांढऱ्या भिंतीत एकावर एक थर उमटले. वरचा थर घट्ट. तळाशी बोट लावलं की जाड साखरेसारखे दाणे भुरभुरत खाली. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला तो पातळ बर्फ. खाली उबदार जमीन, वर कडाक्याची हवा; या तफावतीत त्याचे कण बदलत जातात आणि एकमेकांना धरून राहत नाहीत.

मग त्याने बर्फाचा एक चौकोनी खांब सुटा केला, माथ्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि वर हात आपटायला लागला. आधी मनगटातून दहा वेळा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी रीत. खांद्याची पाळीच आली नाही. कोपरातून आपटत असतानाच वरचा ठोकळा सटकन सरकून त्याच्या मांडीवर आला. सगळे गप्प. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा थर पसरलेला असतो, आणि जीव घेणाऱ्या दहातल्या नऊ प्रसंगांत तो मोडतो सापडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. माझं नशिबाचं तत्त्वज्ञान तिथेच निकालात निघालं.

हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी १ ते ५ अशी मोजतात. युरोपात सर्वाधिक माणसं ३ वर मरतात. ४-५ ला लोक घरी थांबतात. ३ ला ऊन असतं, रजा संपत आलेली असते.

आणखी एक समज सोडावा लागला. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेही ११ तारखेला गेले. त्या सहा दिवसांवरून मी ‘माणूस तग धरतो’ असं ठरवून बसलो होतो. खरा हिशेब मिनिटांचा आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा, पुढे ती झपाट्याने घटते. म्हणजे वाचवणारा सोबतीच, आणि त्याच्याकडे फावडं हवं.

हे सगळं घेऊन पेठला परतलो आणि नागलीच्या उतारांकडे बघण्याची नजर बदलली. इथेही वर मातीचा थर, खाली कातळ. पाणी मुरत कातळापर्यंत पोचतं आणि मातीची पकड सुटते. माळीणला ३० जुलै २०१४ च्या सकाळी हेच घडलं आणि १५१ माणसं गेली. फरक एवढाच की दरडीला कोणाचं पाऊल लागत नाही आणि खड्डा खणून कोणी ती आधी पाहत नाही. खुणा असतात : नवी भेग, कललेलं झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा. पाऊस उघडला की मी हल्ली वाडीवरच्या लोकांना तेवढंच विचारतो. ‘सर, आता ऊन पडलं की,’ असं म्हणून ते हसतात.