गळती

खोटे बोलण्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत सभ्य प्रकार म्हणजे गळक्या डब्यात गुपचूप तेल ओतत राहणे. हा प्रकार मी चार महिने केला आणि घरात कोणाला त्याचा वास लागू दिला नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकपुढे शिकलो ते फक्त रंग. दिवसा मुलुंडच्या शाळेत मुलांकडून कुंड्या आणि केळी काढून घेतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत मोटार परवडत नाही. तरी पाच वर्षांमागे मी २००४ सालची एक जुनी एस्टीम घेतली. घेतली ती बाबांसाठी. तीस वर्षे घाटकोपर स्टेशनबाहेर टॅक्सी चालवून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला आहे. दर गुरुवारी त्याला व्यायाम द्यायला घाटकोपरला न्यावे लागते.

बाबांची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मौज अशी की, या कारखान्याने आरंभी क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. आणि पॉवर स्टेअरिंग बाजारात आणले ते याच क्रायस्लरने, १९५१ साली, आपल्या इंपीरियल गाडीत. पण ते सुख बाबांच्या पद्मिनीपर्यंत पोचले नाही. गर्दीत उभी गाडी वळवायची म्हणजे सारे बळ खांद्याचे. पद्मिनी बनायची थांबली, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणूनही मुंबईच्या रस्त्यावर राहिली नाही; बाबांचा खांदा मात्र ती अजून वागवतो आहे.

एस्टीमला पॉवर स्टेअरिंग आहे. इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो, तो तेल दाबतो, आणि त्या दाबाने चाके वळवायला हात लागतो. तेल संपले म्हणून चाके वळायची थांबत नाहीत. फक्त मदतीचा हात निघून जातो आणि सगळा भार पुन्हा माणसाच्या खांद्यावर येतो.

पावसाळ्याच्या तोंडी गाडी वळताना कण्हू लागली. बॉनेट उघडून पाहिले, तर डब्यातले तेल खालच्या खुणेच्याही खाली. नवे असताना हे तेल आळत्यासारखे लाल असते. माझ्या डब्यात काढा होता, आणि वर फेस. रंग ओळखणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. काळे पडलेले तेल म्हणजे जुने तेल आणि फेस म्हणजे आत शिरलेली हवा, एवढे मला तेव्हाच समजायला हवे होते. मी काय केले? दुकानात जाऊन ब्रेक ऑइल मागितले! दुकानदार भला, म्हणाला, “मास्तर, हे ओतलंत तर आतली रबरी सीलं फुगून बसतील.” मग त्याने योग्य ती बाटली दिली. ती मी ओतली. कण्हणे थांबले. आठवड्याने पुन्हा सुरू झाले, पुन्हा ओतले. डिकीत बाटल्यांची रांग लागली. दुरुस्तीचा खर्च विचारायचीच मला भीती वाटत होती.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी, घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळताना, चाक एकाएकी दगडासारखे जड झाले. गाडी हवी तेवढी वळली नाही. समोर एका बाईची भाजीची हातगाडी. ब्रेक लागला तेव्हा मेथीच्या जुड्या आणि बंपर यांत वीतभर अंतर होते. बाई काही बोलली नाही. तिने फक्त हातगाडीमागे बसलेल्या पोराला उचलून कडेवर घेतले.

ते पोर मी पाहिलेच नव्हते.

बाबा शेजारी बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “किती दिवस ओततो आहेस?”

“तेल जरा कमी होतं, बाबा.”

“तेल कमी नाही, तेल जातंय. कमी असलं तर ओतावं. जात असलं तर कुठून जातंय ते बघावं.”

दुसऱ्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने सगळे पाइप पुसून कोरडे केले आणि म्हणाला, “पावडर आहे का कुठली? पांढरी?” माझ्या खिशात खडू होते. कुटून दिले. ती पूड त्याने सांध्यांवर भुरभुरली, इंजिन चालू केले आणि मला चाक फिरवायला लावले. पंपातून निघणाऱ्या दाबाच्या पाइपावर, जिथे रबर लोखंडात शिरते तिथे, पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. मुलांच्या वह्यांवर मी आजवर किती लाल रेघा ओढल्या असतील. ही पहिली माझ्या वहीवर.

पाइप बदलला. जुना काढा उपसून नवे तेल भरले. मग पुढची चाके जॅकवर उचलून मिस्त्रीने चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, डब्यातले बुडबुडे थांबेपर्यंत. “टोकाला नेऊन दाबून धरू नका, मास्तर. पंपाचा जीव जातो.” सगळा खर्च माझ्या डिकीतल्या बाटल्यांहून फारसा अधिक नव्हता.

पुढच्या गुरुवारी गाडी एका बोटाने वळली. बाबा तळहाताने खांदा चोळत होते. लहानपणापासून मी त्यांच्या त्या खांद्याला बामाचा वास ओळखतो. तो त्यांचा वासच, असे मला वाटत आले. प्रथमच विचारले, “बाबा, हा दुखायला लागला कधी?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “तुझं मॅट्रिकचं वर्ष होतं.”

त्यानंतर नऊ वर्षे त्यांनी टॅक्सी चालवली. मी पुढचे काही विचारले नाही. तो रस्ता सरळ होता, तरी चाक मी दोन्ही हातांनी धरले.