उसनी चाल नव्हे

स्पॅनिशमधलं डान्सहॉल संगीत म्हणजे जमैकाची नक्कल, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. ‘एल जनरल’ या नावाने गाणाऱ्या पनामाच्या एदगार्दो फ्रँकोची गाणी ऐकली होती. ठेका जमैकाचा, म्हणण्याचा ढंग तिथलाच, शब्द तेवढे स्पॅनिश. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवण्यात कसली कला? हे मत मी आज मागे घेतो.

ते बदललं पनामाचा इतिहास वाचताना. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने कालवा बांधला, तेव्हा बार्बाडोस, जमैका या बेटांवरून हजारो कृष्णवर्णीय मजूर आले. त्यांना पगार चांदीच्या नाण्यांत, गोऱ्या अमेरिकनांना सोन्यात. कालवा झाला, पुष्कळ जण तिथेच राहिले. पुढे १९४१च्या राज्यघटनेने, ज्यांची मातृभाषा स्पॅनिश नाही अशा कृष्णवर्णीय स्थलांतरितांच्या मुलाबाळांचं नागरिकत्वच नाकारलं. ही तरतूद पाच वर्षांनी गेली, पण घाव राहिलाच असणार.

त्याच मजुरांच्या वंशातली पोरं १९८०च्या दशकात जमैकन ठेक्यांवर स्पॅनिशमध्ये गाऊ लागली. रेनातो, नांदो बूम, एल जनरल. पनामा सिटीतल्या रंगवलेल्या ‘दियाब्लो रोहो’ बसमध्ये त्यांच्या कॅसेट वाजत. ज्या भाषेपायी आधीच्या पिढ्यांना परकं ठरवलं, त्याच भाषेत ही मुलं पूर्वजांच्या बेटांचा ठेका गात होती. चाल त्यांच्या घरातलीच होती.

आणि एका चालीवर अनेकांनी म्हणणं आपल्याला कुठे नवं आहे? कितीतरी अभंग आपण एकाच चालीत म्हणतो. जमैकातही एका ‘रिडिम’वर, म्हणजे तयार ठेक्यावर, दहा जण आपापलं गाणं गातात.

मग जमैकन गायक शॅबा रँक्सचं ‘डेम बो’ आणि नांदो बूमने केलेलं त्याचं स्पॅनिश रूप पुन्हा ऐकलं. त्यातून घडलेला ठेका टेबलावर वाजवून बघा. आठ मोजा. एक आणि पाचवर जड ठोका, चार आणि सातवर टणक थाप. चारवरची थाप पाचवरच्या ठोक्याच्या अगदी तोंडाशी येते, म्हणून पाय थांबत नाही. हाच ठेका पुढे पोर्तो रिकोत रेगेटॉन संगीताचा कणा झाला.

चोरीबद्दलचा माझा राग गेलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. या ठेक्याचं मूळ स्टीली आणि क्लीव्ही या जमैकन जोडीच्या १९८९च्या ‘फिश मार्केट’ या रिडिमपर्यंत नेलं जातं. त्याचं श्रेय आणि मोबदला मागायला क्लीव्हीला आणि दिवंगत स्टीलीच्या वारसांना २०२१ साली अमेरिकेतल्या कोर्टाची पायरी चढावी लागली.